अकरा दिवस

रविवारची उपासना संपून लोक बाहेर पडत होते आणि काकू अजून बाकावरच होत्या. पुढच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवून, उठायचा अंदाज घेत. ज्याने घरात गुडघ्याचं दुखणं पाहिलंय त्याला हा अंदाज लगेच ओळखू येतो, आधी एक श्वास, मग हातांवर भार, मग चांगला पाय, मग दुसरा, आणि हे सगळं होईपर्यंत चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. मी जाऊन कोपराला धरलं आणि सहज विचारलं, परत दुखायला लागलं का? त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मागे कोण आहे, दाराशी कोण उभंय, सगळं पाहून झालं, मग हळूच म्हणाल्या, "दुखतंय गं. पण कुणाला सांगू नकोस हं."

ते आजूबाजूला पाहणं माझ्या डोक्यातून जात नाहीये. (हे त्यांना विचारूनच लिहितेय. नाव घालू नको, एवढंच म्हणाल्या.)

कारण पाच आठवड्यांपूर्वी याच काकू याच चर्चमध्ये पुढे उभ्या होत्या. शुक्रवारची उपास-प्रार्थना होती, बाहेरून वक्ते आलेले, हॉल गच्च भरलेला. अशी सभा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको, शेवटचं गाणं संपलं तरी कीबोर्डवाला एकच सूर धरून ठेवतो, दिवे तेवढेच असतात पण मंद झाल्यासारखे वाटतात, आधी दोघं-तिघं अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्मा देतो असं मानतात त्या कुणाला न कळणाऱ्या शब्दांत, पुटपुटायला लागतात आणि मग ती पुटपुट हॉलभर पसरते, लांबून येणाऱ्या पावसासारखी, आधी नुसता आवाज येतो आणि आपण भिजलोय हे नंतर कळतं. वक्ते डोळे मिटून म्हणाले, इथे कुणाच्या तरी उजव्या गुडघ्यात बऱ्याच वर्षांचं दुखणं आहे, प्रभू आत्ता स्पर्श करतोय. एवढ्या गर्दीत गुडघा दुखणारं कुणीतरी असणारच हे मलाही कळतं. पण उठल्या त्या काकू. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्या खूप रडल्या, आणि मग स्टेजच्या तीन पायऱ्या कठड्याला हात न लावता चढल्या आणि उतरल्या. हे मी तिसऱ्या रांगेतून, उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. ज्या बाईला मी इतकी वर्षं प्रभुभोजनासाठी एकेक पाय ओढत पुढे येताना बघितलं होतं तिला असं चढताना बघून माझ्या घशाशी आवंढा आला होता, आणि तो खोटा नव्हता. रविवारी त्यांनी माइक हातात घेऊन साक्ष दिली. प्रभूने मला स्पर्श केला, अंगातून आग गेल्यासारखं झालं, आता काही दुखत नाही, प्रभूची स्तुती असो. हालेलुया झाला, टाळ्या झाल्या, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो चार ग्रुपवर फिरून परत माझ्याच फोनवर आला.

आणि आता काकू दुखणं लपवतात. देवाच्या घरात, देवाच्या लोकांपासून.

या विषयावर कुणाशी बोलायला जावं तर समोरचा लगेच विचारतो, म्हणजे तुझा चमत्कारांवर विश्वास आहे की नाही ते आधी सांग. दोन बाजू ठरून गेल्यात. एक बाजू म्हणते चमत्कार, अन्य भाषा ही आत्म्याची कृपादानं येशूच्या प्रेषितांच्या काळापुरती होती, त्यांचं काम संपलं. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकवणाऱ्या बेंजामिन वॉरफिल्डने १९१८ मध्ये हे इतक्या ठामपणे मांडून ठेवलंय की त्याचं नावही न ऐकलेले लोक आज त्याचेच मुद्दे बोलतात. दुसऱ्या बाजूला नुसती माणसंच बघायची तर प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेचा २०११ चा अंदाज आहे, ही कृपादानं आजही मिळतात असं मानणारे पेंटेकॉस्टल आणि कॅरिस्मॅटिक ख्रिस्ती मिळून जगभरात ५८ कोटींच्या वर, म्हणजे दर चार ख्रिस्ती माणसांत एकाहून जास्त. इतकी माणसं ज्या गोष्टीच्या आधाराने सकाळी उठतात ती केव्हाच संपली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि इतकी माणसं म्हणतात म्हणून प्रत्येक सभेत जे होतं ते सगळं आत्म्याचंच, हेही मला म्हणता येत नाही. पण काकूंच्या त्या नजरेचा या वादाशी काही संबंधच नाहीये. चमत्कार होतो का, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही. त्यांना तो झाला. मग तो गेला. आणि गेला हे सांगायला आमच्याकडे जागा नाही.

मी ज्या चर्चमध्ये वाढले तिथे तर झालं हे सांगायलाही जागा नव्हती. छापील उपासना, ठरलेली गीतं, ठरलेल्या ठिकाणी आमेन. मला ती शांतता आवडायची, अजूनही आवडते, जुन्या गीतपुस्तकांचा दमट वास आणि सगळे एकदम उभे राहताना होणारी बाकांची करकर. पण आजीची गोष्ट त्या शांततेत कुठे बसली नाही. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी एका पहाटे तिला नावाने हाक आली. तिच्या लहानपणच्या नावाने, जे घेणारं आता कुणी उरलंच नव्हतं. ती उठून बसली, खोलीत कुणी नाही, आणि तिच्या शब्दांत सांगायचं तर "अंधार तसाच होता, पण एकटा नव्हता." तिने ते पाळकसाहेबांना सांगितलं. ते मनाने फार चांगले होते, त्यांनी काळजीने सांगितलं की झोप कमी होत असेल, डॉक्टरांना दाखवून घ्या. त्यानंतर तिने तो विषय चर्चमध्ये कधी काढला नाही. मला मात्र तीनदा सांगितला, मी लहान असताना, माझं लग्न ठरलं तेव्हा, आणि ती जायच्या थोडं आधी. तिन्ही वेळा तेच शब्द. हाकेनंतर काही संदेश नाही, प्रकाश नाही, कुणी दिसलं नाही. इतक्या वर्षांत त्यात एका शब्दाचीही भर पडली नाही. आता मी ज्या साक्षी ऐकते त्यातल्या बऱ्याच दर वेळी थोड्या वाढतात, सांगणारे खोटारडे असतात म्हणून नाही, समोरचे चेहरे इतके आसुसलेले असतात की माणूस आपोआप थोडं जास्त देतो. आजीला असे चेहरे कधी मिळालेच नाहीत. तिचं जेवढं होतं तेवढंच राहिलं, पण ते तिने एकटीने सांभाळलं, याचं मला आता फार वाईट वाटतं.

कॉलेजात मी दुसऱ्या टोकाला गेले. युथ फेलोशिपचा कॅम्प होता, रात्रभराची प्रार्थना, आणि लीडर एकेकाजवळ येऊन सांगत होता की तोंड उघड, लाजू नको, आत्मा शब्द देईल. सगळ्यांना मिळत होतं. माझ्या डावीकडच्या मुलीला मिळालं, उजवीकडच्या मुलाला मिळालं. मग मीही तोंड उघडलं आणि आवाज निघाले. थोडे मी काढले, थोडे आले, कुठपर्यंत मी आणि कुठून पुढे ते, हे मला त्या रात्रीही कळलं नव्हतं आणि आजही सांगता येत नाही. सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मी रडले, आणि त्या रडण्यात आनंद किती आणि आता आपण मागे राहिलो नाही याची सुटका किती, हेही मला वेगळं काढता येत नाही. पुढे वाचायला लागले तेव्हा विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाचं १९७२ मधलं काम समोर आलं, त्याने अन्य भाषेतल्या कितीतरी प्रार्थना ऐकून दाखवलं की त्यात बोलणाऱ्याला माहीत असलेल्या भाषेतलेच ध्वनी फिरून फिरून येतात, शब्द-अर्थ-व्याकरण अशी भाषेची घडण त्यात नसते. आणि २००६ मध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या अँड्र्यू न्यूबर्गच्या टीमने पाच बायकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, अन्य भाषेत प्रार्थना करताना मेंदूच्या पुढच्या भागातलं काम, ज्याने आपण स्वतःवर ताबा ठेवतो, ते कमी झालेलं दिसलं, म्हणजे मी बोलत नाही, माझ्यातून बोललं जातंय, असं त्या जे सांगतात त्याच्याशी जुळणारं. बायका पाचच, त्यामुळे त्यावर फार मोठं काही उभारायला नको. पण मला दोन्ही वाचून एकाच वेळी हायसं वाटलं आणि उदासही वाटलं.

मग बऱ्याच वर्षांनी एका रविवारी खुर्च्या लावायला म्हणून लवकर गेले होते, तर मागच्या खोलीत आमच्या मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून उभे. अन्य भाषेत, अगदी हळू, ऐकायला कुणी नाही याची खात्री असल्यासारखे. त्यांचा मुलगा त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल विचारायचं नाही. त्या आवाजात उतार-चढाव नव्हता, जोर नव्हता, लहान मूल झोपेत पुटपुटतं तसं काहीतरी. मी दारातून मागे फिरले. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द मी पसंत करीन, आणि त्याच्या एकच वाक्य आधी म्हणतो की मी तुम्हा सर्वांपेक्षा जास्त अन्य भाषा बोलतो, त्याबद्दल देवाचे आभार. ही दोन्ही वाक्यं एका माणसाची कशी असू शकतात हे मला कुठल्या प्रवचनातून कळलं नव्हतं, ते त्या बंद खिडकीसमोरच्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून कळलं.

इतिहासात पंडिता रमाबाईंकडे मी सारखी परत जाते. १९०५ च्या जूनअखेरीला त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, प्रार्थनेत अंग भाजल्यासारखं होतंय म्हणत होत्या. पेंटेकॉस्टल चळवळ जिथून पसरली असं म्हणतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूरच्या सभा सुरू झाल्या १९०६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे मुक्तीतलं हे त्याच्याही आधीचं. रमाबाईंनी ते दाबलं नाही, वेड म्हणून डॉक्टरकडे पाठवलं नाही. पण प्रत्येकीला असंच झालं पाहिजे अशी अटही घातली नाही. आणि स्वतः काय केलं, तर पुढची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, १९२२ मध्ये जाईपर्यंत तेच. एका आवारात एवढा अग्नी आणि त्याच आवारात ते एकेक क्रियापद तपासत बसणं, मला हे चित्र फार धीर देतं. त्यांच्याही दीडशे वर्षं आधी, १७४१ मध्ये, अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने आपल्या भागातल्या धार्मिक जागृतीबद्दल असंच काहीसं सांगितलं होतं, की लोक थरथरले, ओरडले, कोसळले यावरून ते देवाचं आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही, पुढे आयुष्य कसं जातं ते बघा. थांबून बघायला सांगतो तो. आमच्याकडे शुक्रवारी झालेल्या गोष्टीचा रविवारी व्हिडिओ होतो.

हे सगळं वाचत बसले ते खरं आईमुळे.

आईला कॅन्सर झाला तेव्हा मंडळीतले लोक घरी यायचे, याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं तेल लावून प्रार्थना करायचे. मला ते तेल लावणं आवडायचं. कुणाचा तरी गार अंगठा तिच्या कपाळावर टेकायचा आणि तिचे डोळे आपोआप मिटायचे, दिवसातून तेवढीच दोन मिनिटं तिच्या भुवया सैल पडायच्या. मग एक वक्ते आले. त्यांनी प्रार्थना केली आणि उठताना म्हणाले, झालं, तुम्ही बऱ्या झालात, आता फक्त विश्वासाने धरून ठेवा, रिपोर्टकडे बघू नका. त्या दिवसापासून आई बदलली. कुणी भेटायला आलं की ती माफी मागायला लागली. माफ करा हं, अजून उठता येत नाहीये. माफ करा, कालपासून परत उलट्या होतायत. आपलं दुखणं म्हणजे देवाची बदनामी आहे असं तिला वाटायला लागलं होतं, आणि मला ते दिसत होतं, आणि मी काहीच बोलले नाही. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाबांना ऐकू जाईल इतक्या जवळ म्हणालं, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार. बाबांनी तेव्हा ओठ घट्ट मिटले, तसे ते पुढे कितीतरी महिने मिटलेलेच राहिले.

२००६ मध्येच अमेरिकेतले डॉक्टर हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, बायपास झालेल्या १,८०२ पेशंटचा. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात फरक दिसला नाही, ऑपरेशननंतर काही ना काही त्रास झालेले ५२ टक्के आणि ५१ टक्के. पण तिसरा गट होता, ज्यांना सांगितलेलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात ५९ टक्के. या आकड्यांनी देव मोजता येतो असं मला वाटत नाही, आणि तिसऱ्या गटात असं का झालं हेही आकडे सांगत नाहीत. मी ते ५९ वाचलं आणि मला फक्त आई आठवली, उशीवर डोकं, ओठ कोरडे, माफ करा हं.

आणि आता जे कधी कुठे सांगितलं नाही ते. आई जायच्या चार दिवस आधी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, पहाटे तीनच्या सुमारास. प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, फिनेलचा वास, आतून मशीनचा एकसारखा आवाज, एक ट्यूबलाइट फडफडत होती. मी प्रार्थना करत नव्हते, प्रार्थना संपल्या होत्या. आणि मग शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय असं झालं. दिसलं नाही काही. आवाज नाही. खुर्ची रिकामी होती आणि रिकामी नव्हती, याहून नीट मला सांगता येत नाही. सगळं ठीक होईल असं काही त्यातून आलं नाही, उलट आई जाणार हे तेव्हाच लख्ख कळलं, आणि ते कळूनही मी पडले नाही. किती वेळ, माहीत नाही. सफाईवाल्या मावशींची बादली वाजली तेव्हा उजाडत होतं. हे मी साक्ष म्हणून कधी दिलं नाही कारण साक्षीचा एक साचा असतो, आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, मग टाळ्या. माझ्या गोष्टीत शेवटी आई जाते. ती मी माइकवर सांगितली असती तर टाळ्या कुठे वाजवायच्या हे लोकांना कळलं नसतं.

गंमत नाही ही, मला खरंच खटकतं, कारण ज्या पुस्तकातून आम्ही हे सगळं घेतो त्यात असल्या साचाबाहेरच्या गोष्टी भरलेल्या आहेत. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे तोच तीमथ्याला कळवतो की त्रफिम या आपल्या सोबत्याला मी मिलेतात आजारी सोडून आलो. नुसतं एवढंच, कारण नाही, विश्वास कमी पडला वगैरे काही नाही. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेल्याचा अनुभव सांगतो तो चौदा वर्षांनी, तोही 'एक मनुष्य मला ठाऊक आहे' असं म्हणून, आणि तिथे काय ऐकलं ते सांगतच नाही.

कॅथलिक मैत्रिणीशी बोलताना मला फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानाबद्दल कळलं आणि पहिल्यांदा हेवा वाटला. १८५८ पासून लोक तिथे जातायत, १८८३ पासून तिथे डॉक्टर बसून बरे झालेल्यांची नोंद करतायत, बरं झाल्याचे सात हजारांहून जास्त दावे लिहिले गेले आणि २०१८ पर्यंत त्यातले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ७०. कुणीतरी बसून कागद बघतं, वर्षानुवर्षं वाट बघतं, घाई करत नाही, हेच मला केवढं मोठं वाटलं. २०२४ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने अशा सगळ्या प्रकारांसाठी नवे नियम काढले, दर्शनं, रडणारे पुतळे वगैरे, आणि त्यात म्हटलंय की यापुढे साधारणपणे चर्च एखादी गोष्ट अलौकिकच आहे असं जाहीर करणार नाही, फार तर 'हरकत नाही' असं म्हणेल, म्हणजे लोकांनी तिथे जाऊन प्रार्थना करायला अडचण नाही, यातून चांगलं काही उगवताना दिसतंय, इतकंच. मला ते 'हरकत नाही' फार आवडलं. आजीला पाळकसाहेब एवढंच म्हणाले असते तर. पण मग लूर्दच्या कसोट्या नीट वाचल्या, बरं होणं अचानक हवं, पूर्ण हवं आणि टिकणारं हवं, आणि मला काकू आठवल्या. या टेबलावरही त्यांचा कागद बाजूलाच ठेवला जाणार. तपासायचं म्हटलं की अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते, तक्रार नाही माझी. पण रेघेच्या अलीकडे राहिलेल्या त्या हजारो माणसांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल, कुणाला सांगितलं असेल?

मदर तेरेसांचं मला याच संदर्भात सारखं आठवतं. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये ट्रेनमध्ये त्यांना बोलावणं ऐकू आलं, आणि मग काम सुरू झाल्यावर जवळपास पन्नास वर्षं आत नुसता अंधार, देव आहे असं वाटेचना, हे त्यांच्या पत्रांतून त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी जगाला कळलं. त्यांना संत ठरवायला त्यांच्या मध्यस्थीने झालेले दोन चमत्कार लागले. ती पन्नास वर्षं मात्र त्यांनी दोन-चार धर्मगुरू सोडून कुणाला सांगितली नव्हती, वर हसत राहिल्या. इतक्या मोठ्या बाईलाही आजूबाजूला पाहूनच बोलावं लागलं का, असं मनात येतं आणि मला रात्री झोप येत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, म्हणजे गर्दीपासून लांब, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? आणि तो माणूस सांगतो, माणसं दिसतायत, पण झाडांसारखी, चालणारी झाडं. प्रत्यक्ष येशूने हात ठेवलाय आणि हा म्हणतोय, नीट दिसत नाही अजून. मग येशू पुन्हा हात ठेवतो. लहानपणापासून ही गोष्ट ऐकलीय, पण त्या विचारण्याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. तो विचारतो, आणि अर्धं उत्तर आलं तरी त्याला राग येत नाही. आमच्या सभेत त्या माणसाला माइक दिला असता तर तो काय म्हणाला असता? मला नक्की माहीत आहे काय म्हणाला असता.

मागच्या बुधवारी मी काकूंकडे गेले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्हटलं, काकू, त्या शुक्रवारी काय झालं ते सांगाल का, साक्षीतलं नको, जे झालं ते. त्या बराच वेळ गप्प होत्या. साडीच्या काठाची एक सुटलेली दशी बोटाला गुंडाळत राहिल्या.

"खरं सांगू? आग वगैरे काही नव्हतं गं. गार लागलं होतं. उन्हातून आल्यावर कुणी पायावर पाणी ओतावं ना, तसं, मांडीपासून खाली. पण सगळे आग म्हणतात. गार म्हटलं असतं तर लोकांना काहीतरी भलतंच वाटलं असतं."

मग म्हणाल्या, अकरा दिवस. मोजलेत त्यांनी. अकरा दिवस त्या जिना न थांबता चढत होत्या, रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन उभ्या राहत होत्या, सात वर्षांनी, काही काम नसताना, नुसत्या. बाराव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि कळलं. मी विचारलं, देवाचा राग आला का? त्या म्हणाल्या, "त्याचा कशाला? ते अकरा दिवस त्यानेच दिले की. तो व्हिडिओ तेवढा बघवत नाही." डॉक्टरांकडे परत जायचंय म्हणाल्या, त्यांनी ऑपरेशनचं सुचवलंय, पण मंडळीत कळलं तर काय म्हणतील म्हणून थांबल्यात. मी म्हटलं, तुमच्याबरोबर मी येते. आणि मग का कोण जाणे, मी त्यांना कॉरिडॉरमधल्या खुर्चीचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. नीट सांगता आलं नाही, मध्ये आवाज गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, प्रभूची स्तुती असो म्हणाल्या नाहीत, फक्त विचारलं, "कुठल्या बाजूची खुर्ची?" डावीकडची, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू तेवढंच कळायचं राहिलं होतं.

निघताना मी विचारलं, प्रार्थना करू का? त्यांनी पाय थोडा पुढे केला. मी खाली बसले आणि गुडघ्यावर हात ठेवला, साडीवरूनच, सूज हाताला लागत होती. मोठ्याने काही म्हटलं नाही. खालून जिन्यावर कुणाचं तरी खेळणं गडगडत गेलं, पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने मी विचारलं, काही वाटतंय का?

त्यांनी पाय हळूच हलवून पाहिला.

"नाही गं," म्हणाल्या. "पण एवढ्यात हात काढू नकोस."